बाबांच्या डोक्यावरचा सातवा लाइट

वाकडचा फ्लॅट ताब्यात आल्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो हॉलच्या लाइट्सवर. घरात आजवर ट्यूबलाइटच होती आणि मला ती नको होती. कर्ज काढून घेतलेल्या घरात तरी उजेड मॅगझिनमधल्यासारखा हवा.

सीलिंगची उंची जेमतेम साडेनऊ फूट. फॉल्स सीलिंग केलं की त्यातले चार इंच जाणार, म्हणून स्लिम पॅनेल लाइट. एक्सेल शीट केली (अर्थातच केली): वॅट, ल्युमेन, सीआरआय, कटआउटचा व्यास. ठरले ८ वॅटचे ६ लाइट, ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. तीन-तीनच्या दोन रांगा, भिंतींपासून सारखं अंतर. जिप्समला भोक एकदा पडलं की पडलं, म्हणून कागदावर तीनदा आखून घेतलं.

पहिल्या संध्याकाळी आई म्हणाली, "हॉटेलसारखं वाटतंय." मी ते कौतुक समजलो.

महिन्याभराने लक्षात आलं की पेपरमधलं शब्दकोडं कोरंच राहतंय. बाबा ते चुकवत नाहीत. पेन्सिल कानावर ठेवून दोन दोन दिवस एका शब्दावर अडून बसतात. विचारलं तर म्हणाले, "वय झालं रे आता." चष्म्याचा नंबर तपासून आणला. तोच होता.

मग एकदा ऑफिसातून उशिरा आलो, तर बाबा स्वयंपाकघरात. तिथे काम व्हायचं होतं, जुनी ट्यूब तशीच होती. ओट्याच्या कोपऱ्यावर पेपर पसरून ते स्टुलावर बसले होते आणि आई त्यांना वळसा घालून भाकरी थापत होती. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र बूटही काढवेनात.

रात्री मोबाइलवर लक्स मोजायचं अॅप टाकलं. बाबांच्या खुर्चीपाशी ८०. अॅप काटेकोर नसतं, पण वाचायला निदान ३०० हवेत हे मला माहीत होतं. एकूण ल्युमेन मी ट्यूबपेक्षा जास्तच घेतले होते, पण ते सगळ्या हॉलभर पसरले होते आणि खुर्ची नेमकी दोन लाइट्सच्या मध्ये आली होती. शिवाय वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. शीटमधला प्रत्येक आकडा मी माझ्या डोळ्यांनी वाचला होता.

इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलावलं. १५ वॅटचा, ४००० केल्विनचा, खुर्चीच्या बरोबर वर.

"दादा, लाइन बिघडेल हां," तो म्हणाला.

"बिघडू दे."

होल-सॉ फिरला, पांढरी भुकटी सोफ्यावर पडली. वायर जोडून त्याने ड्रायव्हर आत सरकवला, स्प्रिंगच्या क्लिपा दाबून लाइट वर ढकलला. ड्रायव्हर भोकाजवळच ठेवायला सांगितलं. असे लाइट बंद पडतात तेव्हा बहुतेकदा ड्रायव्हरच गेलेला असतो. अॅपवर आता २००. कमीच, म्हणून खुर्चीशेजारी एक टेबल लॅम्पही आणला. त्याला बाबा 'नसता खर्च' म्हणतात आणि रोज लावतात.

सोफ्यावर आडवा झालो की तो सातवा लाइट मला अजून खुपतो. वेगळा रंग, वेगळा आकार, रांगेबाहेर.

"पाच अक्षरी, शेवटी 'र'," बाबा खुर्चीतून विचारतात. "काय असेल रे?"