चौदा टँकर पाणी

बेंगळुरूची पोस्टिंग आली की लोक अभिनंदन करतात. हवा चांगली, मुलांना शाळा, घरी जायला रेल्वे. मीही खुशीतच गेलो होतो. पण मार्च २०२४ मध्ये तिथं अशी टंचाई पडली की मला आमचा माण तालुका आठवला. बोअर आटले, टँकरला रांगा लागल्या. जल मंडळानं जलतरण तलावात पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली, दंड ५,००० रुपये. आणि नेमका त्याच महिन्यात युनिटच्या तलावाचा चार्ज माझ्याकडे आला.

तलाव १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल. म्हणजे १ लाख ६८ हजार लिटर. १२ हजार लिटरचे चौदा टँकर! पाणी बंदीच्या आधीच भरलेलं होतं, पण आता वरून थेंबभरही घालायचं नव्हतं. ते हिरवं पडलं असतं तर सोडून द्यावं लागलं असतं आणि तलावाला कुलूप. गुडघ्याच्या वर पाणी न बघितलेली पोरं आमच्याकडे पोहायला शिकतात. त्यांचं काय?

आतापर्यंत हातानं व्हॅक्यूम मारायचा आणि गाळाचं पाणी सरळ गटारात, अशी रीत होती. ती बंद केली. स्टोअरमध्ये एक ऑटोमॅटिक क्लीनर धूळ खात पडला होता, तो बाहेर काढला. त्याला स्वतःची मोटर नसते. पंपाच्या ओढीवर तो टकटक करत तळावरून सरकतो. गाळ फिल्टरमध्ये जातो, पाणी तलावात परत.

एवढं वाचून मी स्वतःला इंजिनिअर समजलो. पाइपाचे तुकडे जोडले, स्किमरला लावला, पंप चालू. क्लीनर कोपऱ्यात गेला आणि तिथंच बसला. काढून मध्ये ठेवला, तर परत त्याच कोपऱ्यात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तर भिंतीवर चढून हवा प्यायला लागला. दोन दिवस असेच गेले. तेवढ्यात टॅबेबुयाची गुलाबी फुलं तळाशी कुजायला लागली. दिसायला फार सुंदर झाड, पण तलावाच्या काठी कुणी लावू नये.

तलावावर वर्षानुवर्षं काम करणारे एक म्हातारे अण्णा होते. ते गप्प बघत होते. तिसऱ्या दिवशी हिंदीत म्हणाले, "साहेब, पाइप गुंडाळून ठेवला होता ना? त्याला वळायची सवय लागलीय. तो मशीनला वळवतोय."

पाइप सरळ करून दिवसभर उन्हात टाकला. मग अण्णांनी लांबी मोजली : तोंडापासून सर्वात लांबच्या कोपऱ्यापर्यंत आणि वर एक तुकडा, बास. मी तीन तुकडे जास्त जोडले होते. परतीच्या पाण्याची तोंडं पाइपाला ढकलत होती, ती खाली वळवली. पाइप पाण्यात बुडवून भरून घेतला, म्हणजे आत हवा राहत नाही. व्हॉल्व्ह मात्र त्यांनी कानानं लावला. टकटक फार जलद झाली की थोडा बंद, मंद झाली की थोडा उघडा.

क्लीनर निघाला. कोपरा, मधला भाग, पायऱ्या, परत कोपरा. पोरं काठावर उभी राहून बघत होती. एक म्हणाला, "सर, याला फटिग लागलीय!"

एप्रिलमध्ये नवीन अडचण आली. उन्हानं पातळी उतरली आणि स्किमरचं तोंड उघडं पडायला लागलं. पंपात हवा जायला लागली. मग जोडणी तिथून काढून भिंतीतल्या खालच्या व्हॅक्यूम पॉइंटला केली. फिल्टर धुण्यावरही मी नजर ठेवली. तीन मिनिटं धुतला की हजारभर लिटर जातं, म्हणून घड्याळाचा काटा खरोखर चढल्याशिवाय हात लावायचा नाही. ते पाणीही पिंपात साठवून झाडांना घालत होतो.

आईचा फोन आला तेव्हा मी तलावाचं बोलून बसलो. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तिथं पवायला पानी हाय व्हय रं?"

मी काय सांगणार? म्हटलं, "आहे आये, पण एकच तलावभर. तेवढंच राखतोय."

"मग राख," ती म्हणाली, आणि बाजरीचं विचारायला लागली.