पेढे न नेता

इस्पितळातून रोगी घरी आला की पेढे वाटायचे, हा रिवाज कोणी पाडला ते मला ठाऊक नाही. पण तो सगळ्यांना पाठ आहे. रोगी लिफ्टने खाली उतरतो, त्याची पिशवी, थर्मास आणि उशी मागून येते, आणि घरातले एखादे माणूस मागे राहून परिचारिकांच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवते. 'सिस्टर, तुमच्यामुळे हो!' सिस्टर हसतात. व्यवहार सुखाने पुरा होतो.

माझी अडचण एवढीच होती, की मला आभार मानायचे होते आणि माझा रोगी घरी आलेला नव्हता.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आईला मिरजेच्या एका इस्पितळात ठेवले. आमची मिरज सतारींची तशी इस्पितळांचीही. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी इथे मिशनचे इस्पितळ उघडले, आणि तेव्हापासून दुखणे घेऊन मिरजेला यायचे, हे आसपासच्या मुलखाच्या अंगवळणीच पडले आहे. आम्ही तर गावातलेच. एकोणीस रात्री आई तिथे होती. अनंत चतुर्दशीच्या आदल्या पहाटे ती गेली.

आता दिवस झाल्यावर माणूस पेढे कसे नेणार? पण न नेऊन तरी कसे चालणार? बऱ्या झालेल्या रोग्यासाठी सिस्टर जितक्या वेळा उठतात तितक्याच, किंबहुना चार वेळा जास्तच, त्या माझ्या आईसाठी उठल्या होत्या. आई वाचली नाही म्हणून त्यांची जाग्रणे काही कमी भरत नाहीत.

शिवाय मला एक ऋण निराळेच फेडायचे होते. नवव्या रात्री आईचा सलाइनचा हात सुजून टम्म झाला. मी तसाच उठून बाहेर गेलो आणि टेबलाशी बसलेल्या सिस्टरांना म्हणालो, "तुम्हाला पगार कशाचा मिळतो?" त्या काही बोलल्या नाहीत. आत आल्या, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला, दुसऱ्या हाताची शीर शोधून नवी सुई लावली आणि निघून गेल्या. त्या वॉर्डात तेव्हा तीस खाटा होत्या आणि सिस्टर दोन. हे मी मोजले, पण दुसऱ्या दिवशी. पुढच्या दहा रात्रींत माफी मागायला मला दोन मिनिटे सापडली नाहीत.

शेवटच्या पहाटे आम्हाला आत बोलावले तेव्हा त्याच सिस्टर आईची वेणी घालीत होत्या. फणी हलक्या हाताने चालली होती. जणू गुंता ओढला तर आईला दुखणार होते. "आजींना केस मोकळे आवडत नव्हते," त्या म्हणाल्या, "रोज रात्री घालून घ्यायच्या माझ्याकडून." पन्नाशी उलटलेल्या मला माझ्या आईविषयीची ही गोष्ट तेव्हा कळली.

घरी सल्ले पुष्कळ मिळाले. मेव्हण्यांनी पाकीट सुचवले. पण पैसे दिले की हिशेब मिटतो आणि माणूस मोकळा होतो. मला इतक्यात मोकळे व्हायचे नव्हते. शिवाय सरकारी इस्पितळात असतो तर १९७९ च्या वर्तणूक नियमांचीही आडकाठी आलीच असती. पत्नी म्हणाली, साडी. तीन पाळ्या मिळून नऊ सिस्टर. एकीला द्यावी तर आठजणींचा अपमान, नऊ घ्याव्यात तर लग्नाचा बस्ता! आत्या म्हणाली, चांदीच्या बांगड्या. शेवटी मी आमच्या गल्लीतल्या मेट्रनबाईंकडे गेलो. त्या निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली. पण गल्ली अजून त्यांच्या धाकात आहे.

बाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी सगळे ऐकले.

"बांगडी नको," त्या म्हणाल्या. "रोग्याला हात लावण्याआधी हात धुवायचा, लावल्यावर धुवायचा, नुसत्या त्याच्या खाटेला लागला तरी धुवायचा. त्या हातात बांगडी घालणार कधी? फुलंही नकोत, आत कोणी घेऊ देत नाही. खायचं ने. उभ्या उभ्या एका हातानं खाता येईल असं, आणि चार दिवस टिकेल असं. आणि दोन डबे कर."

"दोन कशाला?"

"अरे, पेढे येतात सकाळी अकराला आणि संपतात दुपारी दोनला. रात्रपाळीला पुड्याचा दोरा मिळतो. नोकरीतल्या निम्म्या रात्री मी ते दोरेच बघितलेत."

१२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या जन्मदिवशी, जगभर परिचारिका दिन साजरा होतो. बाईंच्या हातातला तो प्रसिद्ध दिवा चित्रांत सगळ्यांनी पाहिलेला असतो. दिवा आहे म्हणजे ती रात्रपाळीच असली पाहिजे, हे माझ्या मात्र आजवर लक्षात आले नव्हते.

"आणि लिहून दे," मेट्रनबाई पुढे म्हणाल्या. "तिथल्या मेट्रनच्या नावे, सगळ्यांची नावं घालून. तोंडी आभार वॉर्डातच विरतात. कागद फाइलीला लागतो." मग मेथीची जुडी बाजूला सारून त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "मुख्य म्हणजे, तू स्वतः जा. ज्यांचं माणूस गेलं ते पुन्हा तो जिना चढत नाहीत. त्यांची चूक नाही. पण आपण इतके दिवस ज्याचं केलं, त्याच्या घरच्यांच्या मनात आपल्याविषयी काय राहिलं, ते आम्हाला कधी कळतच नाही."

पत्र लिहायला बसलो आणि खजील झालो. नऊजणींपैकी दोघींचीच नावे मला ठाऊक होती. बाकी सगळ्या 'सिस्टर'. उरलेली सात नावे वॉर्डातल्या मावशींना फाटकाशी गाठून विचारून घेतली. मग मावशींचे नाव विचारले, तेव्हा त्या संशयाने म्हणाल्या, "माझं कशाला?" ते दहावे नाव.

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. तळणाची कढई चढणार नाही. पण भडंग हे काही सणाचे खाणे नव्हे. आईचे माहेर सांगलीचे. घरात भडंगाचा डबा कधी रिकामा नसे. पत्नीने तिच्याच हाताने शिकलेले भडंग केले. लसणाचा वास बोटांना राहू नये म्हणून प्रत्येक डब्यात एक चमचा घातला. एका डब्यावर मी चिठ्ठी लावली : रात्रपाळी.

मी गेलो तो सकाळी, पाळी बदलण्याच्या वेळी. रात्रीच्या सिस्टर खाटेमागून खाट सांगत होत्या, दिवसाच्या ऐकत होत्या. चौदा नंबरवर कोणी दुसरीच म्हातारी झोपली होती. सगळे आटोपेपर्यंत मी भिंतीशी उभा राहिलो.

"चौदा नंबरच्या आजींचे ना तुम्ही?" त्या म्हणाल्या.

मी डबे दिले, पत्र दिले. आणि नवव्या रात्रीचे बोलून टाकले. वाटेत तीन वाक्ये जुळवली होती, त्यांतले एकच निघाले.

"आठवतंय," त्या म्हणाल्या. थोडे थांबल्या. "तो हात मी तासभर आधी बघायला हवा होता. पण त्याच वेळी सहा नंबरला..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मीही विचारले नाही. इतके दिवस आम्ही दोघे त्या एका रात्रीचे ओझे दोन टोकांनी उचलून हिंडत होतो, एवढे मला समजले.

मग त्यांनी चिठ्ठीचा डबा उघडला आणि चमचाभर भडंग तोंडात टाकले. डोळ्यांत पाणी आले. "तिखट आहे हो!" त्या हसल्या. "आजी म्हणाल्याच होत्या."

डबे न्यायला गुरुवारी या, असे त्यांनी सांगितले होते. गेलो तेव्हा त्यांची सुटी होती. डबे घासून, पुसून, कपाटात ठेवलेले होते. घरी येऊन झाकणे काढली. परक्याचा डबा रिकामा परत करू नये, म्हणून दोन्हींत मूठ मूठ साखर घातलेली होती.