पाच थरांचं मशीन

गोधडीसाठी शिलाई मशीन घ्यायला निघालेल्या बायकांचा दुकानातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: यात डिझाइनं किती येतात? दुकानदारही मग सात, एकवीस, पन्नास असे आकडे सांगत महागड्या मॉडेलकडे सरकतो. शिवणकामाकडे धंदा म्हणून पाहणाऱ्या मला हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू झाल्यासारखा वाटतो. गोधडीला एकच टाका लागतो, सरळ. तो तीन-चार मिलिमीटर लांब असावा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखा पडावा. बाकीचे एकोणपन्नास टाके गोधडीच्या कामाला येत नाहीत. तेव्हा मशीन पारखायचं ते थरांवर. चार-पाच थर ते एकत्र पुढे नेतं की नाही, एवढ्यावर निम्मा निर्णय होतो.

याचं कारण मशीनच्या रचनेत आहे. घरगुती मशीनचे दाते कापड फक्त खालून ओढतात, वरचा फूट नुसता दाबून धरतो. दोन पदरी ब्लाउजला एवढं पुरतं. पण जुन्या, धुवून धुवून विरलेल्या सुती साड्या एकावर एक ठेवल्या की खालचा थर दात्यांबरोबर चालत राहतो आणि वरचा फुटाखाली रेंगाळतो. ओळ संपता संपता वरच्या साडीची बोटभर झोळ पुढे साचलेली असते. मध्ये एखादी सिंथेटिक साडी असेल तर विचारूच नका. सुती साड्या बोहारणीला देऊन भांडी घेतली आणि गोधडीसाठी सिंथेटिकच उरल्या, अशी घरं मुलुंडला, बोरिवलीला पुष्कळ सापडतील. यावर उपाय म्हणजे फुटाचा दाब कमी करणं. काळ्या बिडाच्या मशीनला डोक्यावर त्यासाठी स्क्रू असतो, स्वस्त कॉम्पॅक्ट मशीनच्या बऱ्याच मॉडेलांत तो नसतोच. जोडीला वीतभर अंतराने कच्चे टाके घालावेत आणि ओळी मधून बाहेर न्याव्यात. हाताने शिवताना कडेकडून आत येत गेलं तरी बोटं कापड सावरून घेतात. मशीनवर तसं केलं तर साचलेली सगळी झोळ मधोमध कोंडली जाते.

दुसरा मुद्दा जागेचा, आणि तिथे परदेशी सल्ला आपल्याला फसवतो. अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायका सुईच्या उजवीकडे जास्त मोकळी जागा मागतात. जुकीच्या टीएल-२०१०क्यूसारख्या मशीनला ती साडेआठ इंच मिळते. आपल्या साध्या घरगुती मशीनला ती साधारण सहा-साडेसहा इंच असते. पण हिशेब करून पाहा. साठ इंच रुंद एकेरी गोधडीची मधली ओळ घालताना तीस इंच गुंडाळून त्या जागेत कोंबावे लागतात. पाच सुती थर मिळून हवेसकट अडीच-तीन मिलिमीटर भरतात, त्यांची घट्ट वळकटी दोन इंचांच्या आसपास, सैल झाली तरी तीन. तीच गोधडी सेंटिमीटरभर जाड फायबरची असेल तर घट्ट वळकटीच चार इंचांच्या आसपास जाते आणि हात आखडतो. म्हणजे मोठ्या मशीनची गरज कापूस-फायबर भरलेल्या रजईला आहे. साड्यांच्या गोधडीला आपलं साधं मशीन पुरतं.

म्हणून माझी पसंती सरळ टाक्याच्या काळ्या मशीनला, टेबलात बसवलेल्या, मोटर लावलेल्या. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३०च्या दशकात उषा मशीन काढलं, पुढे लुधियानात अशा मशीनच्या सुट्या भागांचा मोठा धंदा उभा राहिला. त्यामुळे बॉबिन केसपासून पट्ट्यापर्यंत सगळं घाटकोपरच्या गल्लीतही मिळतं आणि दुरुस्त करणारा घरी येतो. पावसाळ्यातल्या दमटपणाने गंज धरतो हे खरं, पण चार थेंब तेल आणि झाकण एवढ्यावर भागतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप घराच्या आकाराचा आहे. अंधेरीच्या वन आरकेत टेबल ठेवायचं कुठे? खरोखरच जागा नसेल तर मी हट्ट धरणार नाही. मग कपाटात मावणारं कॉम्पॅक्ट घ्यावं, पण आतला सांगाडा धातूचा असलेलं, दाब बदलता येणारं आणि वरूनही कापड ओढणारा वॉकिंग फूट बसणारं. हा फूट काळ्या मशीनला मात्र बऱ्याचदा जुळत नाही, कारण त्याचे दाते अरुंद असतात. ठिगळं लावायला झिगझॅग हवा असं कुणी म्हणेल. गोधडीचं ठिगळ कडा दुमडून सरळ टाक्यानेच बसतं, आणि तसंच ते जास्त टिकतं. साकीनाक्याच्या कारखान्यांतलं कारखानी मशीन जुनं मिळतंय म्हणून घेण्याचा मोहही होतो. त्यातलं जुकीचं डीडीएल-८७०० मिनिटाला ५,५०० टाक्यांपर्यंत जातं आणि जागाही भरपूर देतं. पण त्याचेही दाते खालूनच ओढतात, म्हणजे मूळ अडचण तशीच, फक्त जास्त वेगाने. ऑर्डरी घेणारीने ते जरूर घ्यावं, सर्वो मोटरसह, नाहीतर क्लच मोटरची घरघर खालच्या मजल्यापर्यंत जाते. अमेरिकेतल्या भाचीने मशीन पाठवलं तर आधी मागची पट्टी वाचावी. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. नुसता प्लग बदलून मोटर जळते, ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुकानात जाताना घरच्याच जुन्या साडीचे पाच तुकडे न्यावेत, हातभर लांब, कडा नीट जुळवून एका टोकाला टाचलेले. सोळा नंबरची सुई आणि टाका चारवर लावायला सांगून स्वतः ओळ घालावी, तीही सावकाश, कारण वेगात दोष लपतो. मग तुकडा उलटा करावा. खाली दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरचं टेन्शन सैल आहे, ते जागेवर जुळतं. खरी परीक्षा दुसऱ्या टोकाला असते. तिथे वरचा थर खालच्यापेक्षा पुढे आला असेल तर दाबाचा स्क्रू थोडा सैल करायला सांगून शेजारी दुसरी ओळ घालावी. तरीही गव्हाच्या दाण्याहून जास्त फरक राहिला, तर सवलत कितीही असो, पुढच्या दुकानात जावं.