वाडीतली टिपणं

१.
होरेब डोंगरावर एलिया उभा. वाऱ्याने खडक फोडले, मग भूकंप झाला, मग आग. तिन्हीत देव नव्हता. नंतर जे ऐकू आलं ते अगदी हळू. निसर्गात देव शोधायला निघणाऱ्यांनी आधी १ राजे, अध्याय १९ वाचावा. मग खुशाल माथेरानला जावं.

२.
सकाळी व्हॉट्सॲपवर बायबलचं वचन. मागे बर्फाचे डोंगर, त्यावर उगवता सूर्य. पाठवणारा नालासोपाऱ्याचा.

३.
असिसीच्या फ्रान्सिसने सृष्टीचं स्तोत्र रचलं ते १२२५ च्या सुमारास, सान दामियानोत. डोळे इतके बिघडलेले की उजेड सोसवत नव्हता. स्तोत्रात पहिला मान मात्र सूर्याला: भाऊ. वारा, अग्नी हेही भाऊ. पाणी बहीण. इटालियनमध्ये चंद्र स्त्रीलिंगी, म्हणून तीही बहीण. आपल्याकडे तो मामा. शेवटी मरण, तेही बहीणच. फ्रान्सिसने पाखरांना प्रवचन दिलं, ती चित्रं जगभर आहेत. या स्तोत्रात एकही पाखरू नाही.

पुढे डोळ्यांवर इलाज म्हणून तापल्या लोखंडाने कानशील डागलं. चरित्रकार सांगतात, त्याने आगीला भाऊ म्हणूनच विनवलं: जरा बेताने.

४.
स्तोत्र १०४ मध्ये सिंह रात्री देवाकडे अन्न मागतो, ऊन पडलं की गुहेत जातो, आणि माणूस कामाला निघतो. रात्रपाळी, दिवसपाळी.

५.
शुक्रवार, संध्याकाळ. वाडीत रोझरीची माळ घेऊन बसलो. दुःखाची रहस्यं. तिसऱ्यावर आलो तेव्हा समोरच्या केळफुलाचं एक जांभळं पान वर सरकलेलं दिसलं. मघाशी ते मिटलेलं होतं, बहुतेक. खाली फिकट फुलांची फणी, नीट एका रांगेत, प्रत्येकाच्या टोकाशी चिकट थेंब. शिंजीर आला, उलटा लटकला, चोच घातली, दोन फुलं सोडून तिसऱ्यात घातली. का सोडली ते तो जाणे. मणी कितवा, विसरलो.

६.
गोव्यात राय गावचं चर्च बर्फाच्या सायबिणीचं. सण ५ ऑगस्टला. रोममध्ये कधीकाळी ऐन उन्हाळ्यात टेकडीवर बर्फ पडला, अशी दंतकथा. रायला त्या दिवशी धो धो पाऊस असू शकतो. लोक शेतातली नवी कणसं घेऊन आशीर्वादाला येतात. बर्फाविषयी कुणाची तक्रार नाही.

७.
२४ जून, सांजांव. मरियेचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातल्या योहानाने उडी मारली, म्हणून गोव्यात विहिरीत उड्या. डोक्यावर रानवेलींचं कोपेल. नव्या जावयाचा मान मोठा. बाप्तिस्मा देणाऱ्या संताला विहीर आवडत असावी.

८.
फादर स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ ला गोव्यात उतरले. १६१६ च्या ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी सांगताना त्यांना आठवला मोगरा, कस्तुरी, मोर. इंग्लंडचं एकही फूल नाही.

९.
ना. वा. टिळकांची पारध्याने मारलेल्या पाखराची कविता आम्ही शाळेत पाठ केली. कवी ख्रिस्ती, हे बाईंनी सांगितलं नाही. पाखरू कुठल्या धर्माचं, तेही नाही.

१०.
१ सप्टेंबर. सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सुरू केलेला. मिस्सेनंतर रोपं वाटली, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. हरित वसईसाठी फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले होते, त्यांची आठवण निघाली. गेल्या काही वर्षांत आमच्या आळीतली दोन बावखलं, म्हणजे तळी, बुजली. भरावाचे ट्रक ज्याचे, तो रांगेत माझ्या पुढेच होता. त्याने जांभूळ घेतलं, मी बकुळ.

दोनपैकी एक बावखल आमचं.

११.
बुजवलेल्या जागी यंदा पाणी साचलं, बरोबर जुन्या काठापर्यंत. रात्री दहाला बेडूक सुरू. बायबलमध्ये बेडूक पीडा म्हणून येतात. मी खिडकी लावायला उठलो. आईने लावू दिली नाही.