चासी आणि तिच्यावरचा साज

शहापूरजवळ आसनगावच्या नाक्यावर कधी थांबलात, तर माहुलीचे सुळके जरूर बघा; पण रस्त्याकडे पाठ करून उभे राहू नका. हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. कसारा घाटाकडे निघालेल्या ट्रकांच्या रांगेत मध्येच एखादं भलतंच प्रकरण येतं. पुढे इंजिन, खाली चाकं, मध्ये दोन लांबलचक लोखंडी तुळया, आणि बास! ना टप, ना दारं. ड्रायव्हर डोक्याला टॉवेल गुंडाळून उघड्यावर बसलेला. हिला म्हणतात चासी. ती निघालेली असते बॉडी बांधणाऱ्याकडे. हल्ली ट्रकची केबिन बहुधा कारखान्यातूनच येते, पण बसच्या चासी अजूनही अशा नागड्या धावताना दिसतात.

आता गंमत ऐका. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातली सगळ्यात रुबाबदार रोल्स-रॉइस गाडीसुद्धा अशीच विकली जायची! कंपनी द्यायची फक्त चासी आणि इंजिन. गिऱ्हाईक ती घेऊन बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडे जाई. यातले कितीतरी कारागीर आधी घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे. मग काय, शिंप्याला सांगावं तशा फर्माइशी! आपल्याकडच्या संस्थानिकांना शिकारीसाठी बंदुका अडकवायची सोय हवी, राण्यांसाठी खिडक्यांना पडदे हवेत.

पण सगळ्यांवर कडी केली ती कलकत्त्यातल्या मॅथ्यूसन नावाच्या एका इंग्रज साहेबाने. १९१० साली त्याने इंग्लंडच्या ब्रूक कंपनीकडून चक्क हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली. हंसाच्या चोचीतून वाफेचा फवारा उडे, आणि मागून... शी! रस्त्यावर चुन्याचे पांढरे शिंतोडे पडत. खऱ्या हंसासारखं सगळंच हवं ना! पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली. आज ती नेदरलँड्समधल्या हेग शहरात लाउमन संग्रहालयात आहे.

अशी गाडी महाराष्ट्रात बघायची, तर दसऱ्याला कोल्हापूरला जायला हवं. दसरा चौकात राजघराण्याची मंडळी सोनं लुटायच्या सोहळ्याला येतात ती १९३०च्या दशकातल्या मेबॅक मोटारीतून. ही जर्मन कंपनीही चासी-इंजिन बनवी आणि बॉडी दुसऱ्याकडून बांधून घेई. काचेआड ठेवलेल्या दहा गाड्यांपेक्षा गर्दीतून हळूहळू सरकणारी ती एक मला जास्त आवडते.

अशा गाड्यांचा लिलाव होतो तेव्हा जाणकार आधी चकाकी बघत नाहीत. ते वाकून नंबर बघतात. चासी तीच का? इंजिन तेच का? बॉडी पहिलीच, की मागाहून चढवलेली? कागद आहेत का? नवाकोरा रंग फासलेल्या गाडीपेक्षा जुन्या, पोपडे आलेल्या मूळ रंगाची गाडी कधीकधी भाव खाऊन जाते. आपल्या सरकारनेही २०२१ साली नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, फारसे फेरफार न केलेली खासगी गाडी म्हणजे 'व्हिंटेज'. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. प्रदर्शनाला, रॅलीला खुशाल न्या. रोज फिरवायची मात्र नाही.

इथे मला एक प्रश्न पडतो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडकडे जा. या बाजूच्या खेड्यापाड्यांत माणसं वाहिली ती जीपने. वेल्डिंगवाल्याने तिचा मागचा भाग वाढवायचा, फळ्या टाकून बाकडी करायची, वर सामानाला कॅरिअर ठोकायचं. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेला जायचं, तर आत जितकी माणसं तितकीच बाहेर लटकलेली! नियमाने बघाल तर अशी जीप बाद, कारण तिच्यात फेरफार झाले. महाराजांच्या गाडीतली बंदुकीची खोबण तेवढी मोलाची, आणि आपल्या जीपचं बाकडं म्हणजे खोडसाळपणा? दोन्ही फर्माइशीच की! एक हौसेची, एक गरजेची. मला विचाराल तर म्हशाच्या जत्रेतल्या जीपचीही एक तरी जोडी संग्रहालयात हवी.

तोवर एक काम तुम्हीच करा. शेजारच्या काकांच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली जुनी जीप सडत असेल, तर ती भंगारात जाण्याआधी त्यांना विचारून चासीवर ठोकलेला नंबर शोधा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आकडे आपोआप उमटतात. मग कागदाच्या मागे काकांना विचारून लिहा : गाडी कुणाकडून घेतली, बाकडं कुणी बसवलं आणि एका खेपेला जास्तीत जास्त किती माणसं बसली होती!