रव्यातली जाळी

पावसाळी हवा सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटभोवती राखाडी पाखरं घिरट्या घालू लागतात. आज पुन्हा दिसली. ती मारत बसण्यात अर्थ नाही. मोठा पतंग धान्य खातच नाही. खाते ती अळी, आणि ती डब्यात असते. रवा, तांदूळ, ज्वारीच्या कण्या चिवट धाग्यांनी एकमेकींना चिकटून गोळे झाले असतील, तर ते तांदळाच्या पतंगाचं काम. गव्हाचा दाणा आतून पोकळ, त्याला गोल भोक आणि वर पिवळट पाखरं, तर अळी दाण्यातच वाढलेली. चाळून उपयोग नाही.

आई मे महिन्यात धान्य दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवायची. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की अळीला वाढणं जड जातं. रवा-मैदा मी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते. उणे १८ अंशांत अंडीही मरतात. शिवाय झाकणाच्या आट्या आणि फळीच्या फटी घासते, कारण कोष तिथे लपतात.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र कुणी घरात आणू नयेत, हे मी जीव तोडून सांगते. दमट हवेत त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्याच्यावर उतारा नाही. बंद घरांत झोपलेली माणसं त्यानं गेली आहेत.

तरीही या पाखराचं ऋण मी मानते. प्रयोगशाळांत ज्वारीच्या भरड्यावर तांदळाचा पतंग मुद्दाम वाढवतात, त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा हा इवलासा मित्रकीटक पोसतात आणि त्या अंड्यांची कार्डं उसाच्या पानांना टाचतात, खोडकिडीची अंडी नष्ट व्हावीत म्हणून.