निळी किल्ली

आमच्या खापरीला रात्री साडेनऊनंतर फारसा गलबला राहत नाही. वर्धा रोडवरची वाहने तेवढी चालू असतात, आणि पलीकडे मिहानमधल्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत दिवे जळत असतात. श्रावणातल्या अशाच एका रात्री मी, म्हणजे चाळिशी ओलांडलेला एक शाळामास्तर, चार कादंबऱ्यांचा धनी आणि मॅट्रिकच्या पुढे पाऊल न टाकलेला मनुष्य, टेबलाखाली चार पायांवर रांगत एका जुन्या संगणकाच्या पाठीमागे बॅटरीचा झोत टाकीत होतो. कानाशी फोन होता, आणि टोरांटोहून भाचा विचारीत होता, “मामा, दिवा लागला का?”

दिवा लागला नव्हता.

या दिव्याची हकीकत सांगायची तर आधी ताईची सांगितली पाहिजे. तिच्या धाकट्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. आमच्या घरात लग्नाची हळद अजून जात्यावर दळतात. निदान पाच मुठी तरी. जात्याची पूजा होते, सवाष्णी खुंट्याला हात लावतात, आणि मग सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसतात. कारण गाणे कुणालाच येत नाही! मागच्या लग्नात तर कुणीतरी मोबाईलवर सिनेमातले गाणे लावले, आणि जात्याने बिचाऱ्याने त्याच्या ठेक्यावर फिरण्याचा प्रयत्नही केला. ताईला ते फार लागले. ती मला म्हणाली, “यंदा आईच्या ओव्या लावायच्या. तुझ्याच घरात पडल्या आहेत. काढून दे.”

आई २०२० साली गेली. तिच्या ओव्या माझ्याच घरात पडल्या होत्या ही गोष्ट खरी. भाचा तेव्हा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होता आणि आमच्याकडे राहत होता. दिवसभर संगणकापुढे बसून कंटाळलेला मुलगा रात्री करमणूक म्हणून पुन्हा संगणकापुढेच बसायचा, याचे मला नवल वाटे. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून त्याने ध्वनिमुद्रणाची खोली केली होती. २०१७ साली ‘पारी’ने जात्यावरच्या ओव्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव हिंडून लाखावर ओव्या जमविल्या होत्या. त्या ऐकून भाच्याच्या मनाने घेतले की आपल्या आजीच्याही घ्याव्यात.

त्याने आजीला खुर्चीवर बसविले, पुढे मायक्रोफोन उभा केला आणि म्हणाला, “गा.” आईला एक ओळ आठवेना. शेवटी ती वैतागून म्हणाली, “हात फिरल्याशिवाय तोंड कसं फिरन बाप्पा?” मग परसातले जाते उचलून आणावे लागले. ते आणताना माझी कंबर आठ दिवस धरली होती. पण जात्याचा पहिला फेरा झाला, आणि आईच्या तोंडून ओवी अशी निघाली की जणू ती जात्याच्या पाळीतच अडकून बसली होती.

तीन दुपारी हे चालले. त्यानंतर भाचा कित्येक रात्री त्या आवाजाची निगराणी करीत होता. जात्याची घरघर कमी कर, खोकला काप, मधले बोलणे काढून टाक. पुढच्या वर्षी त्याला कॅनडात काम मिळाले. “परत आलो की पुरं करतो, मामा,” असे म्हणून तो गेला, आणि संगणक माळ्यावर गेला.

आता त्या दिव्याविषयी. संगीताची जी मोठी सॉफ्टवेअरे आहेत, त्यांतल्या पुष्कळांना एक किल्ली लागे. बोटाच्या पेराएवढी काडी संगणकाच्या खाचेत खुपसायची. तिला डाँगल म्हणतात. (१९९२ साली अशा किल्ल्या विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने जाहिरातीत ठोकून दिले होते की, डॉन गॉल नावाच्या गृहस्थाने हिचा शोध लावला म्हणून हे नाव. ती शुद्ध थाप होती, पण थाप सुरेख होती!) हिच्या पोटात एक चिप असते. सॉफ्टवेअर मधूनमधून तिला गुपचूप कोडे घालते, आणि चिप त्याचे ठरलेले उत्तर देते. किल्ल्याच्या दरवाजावरचा पहारेकरी परवलीचा शब्द विचारी, तसलाच हा प्रकार. शब्द चुकला की दरवाजा बंद.

ही युक्ती नवी नाही. जर्मनीतल्या श्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस १९८९ साली अटारी नावाच्या संगणकावर आले, तेव्हाही त्याला अशीच किल्ली लागे. आणि इतके लांब कशाला जायचे? आपल्या मराठी छापखान्यांनी ही किल्ली वर्षानुवर्षे वापरली आहे. पुण्याची श्री-लिपी घ्या, सी-डॅकची आयएसएम घ्या, यांच्याबरोबर कुलूप येत असे. माझी पहिली कादंबरी जिथे जुळली, तिथला ऑपरेटर रात्री घरी जाताना संगणकाच्या पाठीचे कुलूप काढून शर्टाच्या खिशात घालून नेई. एकदा तो सासुरवाडीला गेला, आणि खिशातल्या कुलपाबरोबर माझी नायिकाही पाच दिवस सासुरवाडीला राहून आली.

म्हणून मला या वस्तूचे भय नव्हते. पहिल्या रात्री मागच्या खाचेत दिवा लागला नाही, तेव्हा भाच्याने पुढच्या खाचेत घालायला सांगितले. “मधे दुसरं काही जोडू नका, मामा. थेट घाला.” घातली, आणि निळा दिवा लागला! पण सॉफ्टवेअर म्हणाले, किल्ली सापडत नाही. डोळ्यांपुढे दिवा जळत असताना किल्ली नाही असे म्हणणाऱ्याला काय म्हणावे? तासाभराने भाच्याला सुचले, “तारीख काय दिसते आहे?” मी पाहिले. संगणकाच्या मते ते २०१२ साल होते. आत एक गोल सेल असतो. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम त्याचे. माळ्यावर तो संपला होता. तारीख चुकली की परवाने तपासणारी यंत्रणा बिथरते, आणि इंटरनेटवरची सुरक्षित ठिकाणेही दार उघडीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मेट्रोने सीताबर्डीला गेलो. सेल सहज मिळाला. जाता जाता एका दुकानात, जादा असावी म्हणून, डाँगल मागितली. त्याने इंटरनेटची काडी पुढे केली. मी म्हणालो, “ही नाही, कुलपाची.” तो म्हणाला, “सर, कुलूप समोरच्या हार्डवेअरवाल्याकडे.” आणि समोर खरोखरच हार्डवेअरवाला होता.

त्या रात्री सेल बसला, तारीख ताळ्यावर आली. परवाने सांभाळणारा एक छोटा कार्यक्रम आतल्या आत झोपला होता, तो भाच्याने सांगितल्याप्रमाणे उठविला. सॉफ्टवेअर उघडले. पडद्यावर नावांची यादी आली आणि तिच्यात ‘आजी हळद’ ही अक्षरे मी माझ्या डोळ्यांनी वाचली. आनंदाच्या भरात, ताईला हाक मारावी म्हणून मी उठलो, आणि माझा गुडघा पुढच्या खाचेतल्या त्या निळ्या काडीवर आदळला.

कट् असा बारीक आवाज झाला. दिवा विझला. पडद्यावर एक चौकोन आला आणि त्यापुढे काही चालेना.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “होतं असं, मामा. पुष्कळांचं होतं.” तो असे म्हणाला नसता तर बरे झाले असते. ताईला मी दोन दिवस काहीच सांगितले नाही. खोटे कशाला बोलू, तिचा फोन आला की मी वह्या तपासायला बसत होतो.

तुटलेल्या किल्लीच्या बदल्यात दुसरी मिळते, नाही असे नाही. आयलॉक नावाच्या किल्लीसाठी तर आगाऊ पैसे भरून विम्यासारखी सोयही करून ठेवता येते. पण किल्ली बदलून मागायची ती मालकाने, आणि इथे आमचे बिंग फुटले. भाच्याने ते सॉफ्टवेअर एका मित्राकडून रोख पैसे देऊन घेतले होते. पावती नाही. नाव बदलून घेतले नाही. मित्राने आपला जो पत्ता नोंदविला होता तो त्याच्या जुन्या कंपनीतला. ती नोकरी सुटली तशी ती टपालपेटीही बंद झाली. सॉफ्टवेअरवाल्यांचे उत्तर अगदी सभ्य होते: मूळ परवानाधारकाची संमती आणि खरेदीची पावती पाठवा. त्यांची चूक नव्हती. चूक आमची, आणि शेवटचा गुडघा माझा.

मला राहून राहून आश्चर्य वाटले ते माझ्याच अडाणीपणाचे. आमचे चार एकर मिहानमध्ये गेले आहेत. सातबारा, ताबा, मालकी, मोबदला यांतला फरक आमच्या भागात पाचवीतले पोरही सांगेल. आणि मी मात्र समजत होतो की सॉफ्टवेअर विकत घेतले म्हणजे ते आपले झाले! विकत मिळतो तो वापरण्याचा परवाना. भाच्याने हे समजावून सांगितले तेव्हा मी म्हणालो, “म्हणजे आपण कूळ की रे! आणि कुळात नाव लागलं नाही ते निराळंच.” कायद्याचे म्हणणे मला पटते. माझ्या कादंबरीच्या कुणी चोरून प्रती छापल्या तर मी काय त्याची आरती ओवाळणार आहे? चोरीच्या भयाने लोक कुलपे लावतात. पण कुलपाचा जाच ज्याने पैसे मोजले त्यालाच अधिक, हे कारखानदारांच्याही हळूहळू ध्यानात आले असावे. लॉजिक नावाच्या सॉफ्टवेअरची किल्ली ॲपलने २००७ साली काढून टाकली. क्यूबेसची २०२२ साली गेली, आणि त्या जुन्या किल्ल्यांचा कारभार श्टाइनबर्गने २० मे २०२५ रोजी कायमचा बंद केला. आता खाते उघडून परवाना मिळवायचा असतो. म्हणजे काडी गेली, परवली राहिली.

चौथ्या रात्री भाचा नवे सॉफ्टवेअर घेण्याच्या गोष्टी बोलू लागला. त्याची किंमत ऐकून मी गप्प बसलो. आणि मग, वर्गात एखादा पोरगा विचारतो तसा प्रश्न मी विचारला.

“मला एक सांग. कुलूप सॉफ्टवेअरला आहे. मग आईचा आवाज कुठे आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे आवाज सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, की संगणकात कुठे वेगळा ठेवला आहे?”

टोरांटोत दुपारचे बारा वाजले होते. फोनवर इतकी शांतता झाली की मला वाटले, लाइन गेली. मग भाचा म्हणाला, “मामा, मी गाढव आहे.”

त्याने सांगितलेल्या जागी मी एक फोल्डर उघडले. त्यात आणखी एक, ‘ऑडिओ’ नावाचे. आत ६३ फायली होत्या. साध्या, बिनकुलपाच्या, कुठल्याही फोनवर वाजतील अशा. असली सॉफ्टवेअरे मूळ मुद्रणाला हात लावीत नाहीत, असे भाचा म्हणाला. कुठून कुठवर वाजवायचे, काय गाळायचे, किती मोठे करायचे, एवढीच टिपणे ती वेगळी लिहून ठेवतात. भाच्याने रात्री जागून केलेली सारी कारागिरी त्या टिपणांत होती, आणि ती कुलपात राहिली. आवाज मात्र बाहेर ओसरीवर पडला होता, सात वर्षे.

मी पहिली फाईल लावली. जात्याची घरघर इतकी मोठी, की आई कुठेतरी लांब बसून गाते आहे असे वाटले. मग कान सरावला. ओवी झाली, खोकला झाला. “पाणी दे रे बाबू.” पेल्याचा आवाज. पुन्हा जाते. तिसऱ्या फाईलमध्ये माझाच आवाज: दार उघडून मी विचारतो आहे की चहा ठेवायचा का, आणि आई मला मुकाट्याने दार लावून घ्यायला सांगते आहे. अकराव्या फाईलमध्ये ओवीच्या ऐन मध्यावर विमान आले. घरघर वाढत गेली. आई थांबली. जातेही थांबले. आणि भाच्याला उद्देशून ती म्हणाली, “थांब, जाऊ दे त्याले पयले.” विमान जाईपर्यंत ती बोलत राहिली. ती लहान असताना विमाने रात्रीची उतरत. १९४९ साली सुरू झालेली टपालाची विमाने. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास अशी चारी दिशांची, मध्यरात्री नागपूरला येऊन थैल्यांची अदलाबदल करून पुन्हा उडत. तिची आई पहाटे उठून दळायला बसे, ती त्या विमानांच्या आवाजावर. घड्याळ घरात नव्हते. “तवा हेच आमचं घड्याळ,” आई म्हणाली. आणि सोडलेली ओवी, एक अक्षरही न चुकता, जिथे सोडली होती तिथून तिने उचलली.

हे सगळे भाच्याने त्या वेळी कापून टाकले होते. गाण्यात नको म्हणून.

फोन चालूच होता. मी त्याला विचारले, “ऐकतो आहेस ना?” तो काही बोलला नाही, पण त्याने फोन ठेवलाही नाही.

ताईला मी दुसऱ्या दिवशी ६३ही फायली एका पेन ड्राइव्हवर घालून दिल्या, आणखी एक प्रत माझ्या कपाटात ठेवली, एक भाच्याकडे गेली. ताईने त्या दोन दिवस ऐकल्या. मग तिचा फोन आला. म्हणाली, हळदीच्या दिवशी विमानासकट लावायचे. फक्त चहाचे ते तेवढे काढता आले तर काढ, पाहुण्यांत बरे दिसत नाही.

मी म्हणालो, ते काढायचे सॉफ्टवेअर आता आपल्याकडे नाही.